पाण्याखालचे साक्षीदार



आज सुरुवातीला एक कोडं घालतो. तुम्ही न्यायाधीश व्हायचं बरं का!

समजा, तुमच्या चाळीत तळमजल्यावर एक नाना राहतात. त्यांच्या अंगणातून शाळेकडे जाणारी एक वाट आहे. अंगण नानांचं, पण वाट वर्षानुवर्षांच्या वहिवाटीची. नाना भारी कडक. दिवसभर ओट्यावर बसून असतात. चेंडू अंगणात गेला की ओरडतात, मांजर शिरलं तर काठी आपटतात. रात्री झाडाचं पान पडलं तरी म्हणे त्यांना जाग येते!

एका सकाळी त्या वाटेवर खड्डा निघतो. कुणीतरी तो खणून वर गवत अंथरलेलं असतं. तुमचा मित्र त्यात पडतो आणि त्याचा हात मोडतो. नाना म्हणतात, "मी नाही खणला. कोणी खणला, मला काही ठाऊक नाही."

आता आली का पंचाईत? खणताना कोणी पाहिलं नाही. नानांच्या घराची झडती घ्यायचा तुम्हाला अधिकार नाही. आणि माणसाच्या मनात काय होतं, ते कपाळ उघडून तर बघता येत नाही. मग नानांना ठाऊक होतं की नव्हतं, हे ठरवायचं कसं?

खरोखर असाच एक खटला जगाच्या मोठ्या न्यायालयात चालला. अंगणाच्या जागी समुद्र होता, खड्ड्याच्या जागी पाणसुरुंग होते, आणि मोडलेल्या हाताच्या जागी चाळिसांहून अधिक खलाशांचे प्राण गेले होते.

दुपारी २ वाजून ५३ मिनिटं

नकाशाचं पुस्तक उघडा. युरोपात ग्रीसच्या पश्चिमेला कॉर्फू नावाचं बेट सापडेल. हे बेट आणि समोरचा अल्बानियाचा किनारा यांच्यामध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे. तिला कॉर्फूची सामुद्रधुनी म्हणतात. अल्बानियाचं सारांदा हे बंदर तिथे अगदी काठावरच आहे.

दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं होतं. पण युद्ध संपलं म्हणून शेजाऱ्यांमधला संशय संपतो थोडाच! १५ मे १९४६ रोजी ब्रिटनच्या दोन युद्धनौका या सामुद्रधुनीतून चालल्या असताना अल्बानियाच्या किनाऱ्यावरून त्यांच्या दिशेने तोफा डागल्या गेल्या. अल्बानियाचं म्हणणं, आमच्या पाण्यातून जायचं तर आधी परवानगी घ्या. ब्रिटनचं म्हणणं, ही सर्व जगाची वहिवाटीची वाट आहे, परवानगी कसली?

मग उजाडला २२ ऑक्टोबर १९४६. ब्रिटनच्या चार युद्धनौका कॉर्फू बंदरातून उत्तरेकडे निघाल्या. दुपारी २ वाजून ५३ मिनिटांनी सारांदाजवळ 'सॉमारेझ' ही विनाशिका सुरुंगावर आदळली. प्रचंड स्फोट झाला. 'व्होलेज' ही दुसरी विनाशिका तिच्या मदतीला धावली. दोर बांधून तिला ओढून नेत असतानाच ४ वाजून १६ मिनिटांनी व्होलेजखालीही सुरुंग फुटला. चाळिसांहून अधिक माणसं दगावली आणि ४२ जखमी झाली.

ब्रिटन म्हणालं, "दोषी अल्बानिया." अल्बानिया म्हणाला, "आम्ही नाही. आम्हाला ठाऊकही नाही."

न्यायालय कुठलं?

भांडण आधी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढे गेलं. ९ एप्रिल १९४७ रोजी समितीने दोघांना सांगितलं, न्यायालयात जा. हे न्यायालय म्हणजे हेग या नेदरलंडमधल्या शहरातलं आंतरराष्ट्रीय न्यायालय. तिथे माणसांवर नव्हे, तर देशादेशांमधले खटले चालतात. न्यायाधीश असतात १५, तेही वेगवेगळ्या देशांचे. खटल्यातल्या एका देशाचा न्यायाधीश आधीपासून तिथे असेल, तर दुसऱ्या देशालाही त्या खटल्यापुरता आपल्या पसंतीचा एक न्यायाधीश नेमता येतो. म्हणजे तराजू दोन्हीकडे सारखा! ब्रिटनचा एक न्यायाधीश होता, म्हणून अल्बानियानेही एक नेमला. असे १६ न्यायाधीश या खटल्याला बसले. या न्यायालयापुढे आलेला दोन देशांमधला हा पहिलाच खटला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. या न्यायालयाजवळ स्वतःचे पोलीस नाहीत. आपल्याकडे गुन्हा घडला की फौजदार येतो, पंचनामा होतो, वस्तू जप्त होतात. इथे तसं काही नाही. दोन्ही देश आपापली कागदपत्रं आणि साक्षीदार घेऊन येतात, आणि दोघंही आपल्याला सोयीचं तेवढंच सांगणार हे न्यायाधीशांना पुरतं ठाऊक असतं.

मग या न्यायाधीशांनी काय केलं? मोठा प्रश्न फोडून त्याचे लहान लहान प्रश्न केले. गणितात मोठं उदाहरण आपण पायरी पायरीने सोडवतो ना, तसंच.

पहिली पायरी: सुरुंग जुना की नवा?

महायुद्धात समुद्रात हजारो सुरुंग पेरले गेले होते. त्यातलाच एखादा चुकार सुरुंग वाहत आला असेल तर? मग दोष कोणाचाच नाही.

पण नोंदी सांगत होत्या की ही वाट ऑक्टोबर १९४४ मध्ये सुरुंगांसाठी तपासली होती. जानेवारी आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये पुन्हा तपासली, तेव्हाही काही सापडलं नव्हतं. स्फोटानंतर तीन आठवड्यांनी, १२ आणि १३ नोव्हेंबर १९४६ रोजी, ब्रिटिश आरमाराने तिथे शोध घेतला आणि एक ना दोन, तब्बल २२ सुरुंग निघाले! त्यातले दोन तपासणीसाठी माल्टा बेटावर नेले. ते जर्मन बनावटीचे होते. त्यांवर गंज नव्हता, शेवाळ नव्हतं, आणि तळाशी बांधून ठेवणाऱ्या तारांवर ग्रीस अजून तसंच होतं. चार-दोन महिने खाऱ्या पाण्यात पडलेल्या लोखंडाचं काय होतं, ते आपल्या कोकणातला कोणीही कोळी सांगेल. म्हणजे हे सुरुंग नुकतेच पेरलेले होते.

अल्बानियाने शंका काढली, "हे सुरुंग स्फोटानंतर कोणी टाकले नाहीत कशावरून?" शंका काही वावगी नव्हती. मधे तीन आठवडे गेले होते खरे. न्यायालयाने ती झटकून टाकली नाही. त्याने आरमारी तज्ज्ञांना विचारलं, जहाजांची जी मोडतोड झाली ती कशाने होऊ शकते? तज्ज्ञ म्हणाले, वाहत आलेल्या सुरुंगाने अशी मोडतोड होणं शक्यच नाही. तळाला पडून राहणाऱ्या सुरुंगानेही नाही. तळाशी तारेने बांधलेला, पाण्यात तरंगता आणि जहाज टेकताच फुटणारा सुरुंगच हे करू शकतो. त्यातली दारू सुमारे ६०० पौंड असणार. शोधात सापडलेले सुरुंग नेमके त्याच जातीचे होते.

पहिली पायरी झाली. घाव आणि हत्यार जुळलं.

दुसरी पायरी: पेरले कोणी?

आपल्याजवळ सुरुंग पेरायची साधनंच नाहीत, असं अल्बानियाचं म्हणणं होतं. ब्रिटनने शेजारच्या युगोस्लाव्हियाकडे बोट दाखवलं. (हा देश आता अस्तित्वात नाही.) त्यासाठी एक साक्षीदारही आणला. हा युगोस्लाव्हियाच्या आरमारातला माजी अधिकारी. शिबेनिक बंदरात दोन जहाजांवर सुरुंग चढवताना आपण पाहिले, असं त्याने सांगितलं. आणखीही काही गोष्टी त्याने सांगितल्या, पण त्या दुसऱ्यांकडून ऐकलेल्या होत्या.

आता तुम्ही काय केलं असतं? खलाशी मेलेत, जगभर संताप आहे आणि साक्षीदार समोर उभा आहे. टाकावं नाव घेऊन मोकळं!

न्यायालयाने तसं केलं नाही. त्याने शिबेनिकला तज्ज्ञ पाठवले आणि साक्ष बारकाईने तपासली. 'मी पाहिलं' आणि 'मला अमक्याने सांगितलं' हे दोन ढीग वेगवेगळे केले. ज्याने पाहिलं तो स्वतः पुढे आला नसेल, तर ऐकीव गोष्ट हा केवळ आरोप ठरतो, पुरावा नव्हे. राहिलं त्याने स्वतः पाहिलेलं. बंदरात सुरुंग चढवताना पाहिले म्हणजे तेच सुरुंग कॉर्फूला टाकले, असं होतं का? मधली कडी कुठे आहे?

साक्षीदार खोटारडा आहे, असं न्यायालय म्हणालं नाही. ते एवढंच म्हणालं की एखाद्या देशावर इतका गंभीर आरोप ठेवायचा, तर जेवढी खात्री हवी तेवढी इथे झालेली नाही. ग्रीसने हे केलं असावं, असंही अल्बानियाच्या बाजूने सुचवलं गेलं होतं. तो तर नुसता तर्कच, म्हणून न्यायालय त्यात शिरलंच नाही. निकालात चक्क लिहिलं गेलं की सुरुंग पेरणारे कोण हे अज्ञातच राहिलं आहे.

इतका मोठा खटला, इतके विद्वान न्यायाधीश, आणि उत्तर 'माहीत नाही'! वाचताना जरा चुटपुट लागते, नाही का? त्या खलाशांच्या आईवडिलांना तर किती लागली असेल. पण चुकीचं नाव घेतल्याने गेलेली माणसं परत येत नाहीत. उलट एक अन्याय झाला होता तिथे दोन होतात.

तिसरी पायरी: अल्बानियाला ठाऊक होतं का?

इथे पुन्हा आपले नाना आले.

न्यायालयाने आधी एक गोष्ट स्पष्ट केली. अंगण नानांचं आहे, एवढ्यावरून खड्डा नानांना ठाऊक होताच असं ठरत नाही. पण दुसरी बाजूही आहे. परक्याच्या अंगणात शिरून पुरावा शोधायची सोय नसते. म्हणून ज्याचं नुकसान झालं त्याला आजूबाजूच्या गोष्टींवरून अनुमान काढायची मोकळीक थोडी जास्त हवी. याला परिस्थितीजन्य पुरावा म्हणतात. मात्र अट अशी की सगळे धागे एकाच टोकाकडे गेले पाहिजेत आणि वाजवी शंकेला कुठेही फट राहता कामा नये.

पहिला धागा अल्बानियाच्या वागण्याचा. हा देश त्या पाण्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवत होता. परकं जहाज दिसलं की तोफा सज्ज. जो इतका जागा, त्याला झोप नेमकी त्याच रात्री लागली?

दुसरा धागा जास्त मजेदार आहे. अल्बानियाने काय केलं यापेक्षा काय केलं *नाही* याचा तो आहे. आपल्या पाण्यात कुणी चोरून सुरुंग पेरले, तर कुठलाही देश आधी कशावर संतापेल? सुरुंग पेरणाऱ्यावर ना! अल्बानियाने ब्रिटिश जहाजांविरुद्ध जोरदार निषेध केला, पण सुरुंगांविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना 'इथे सुरुंग आहेत' असं कळवलं नाही. स्फोटांची रीतसर चौकशीही केली नाही. म्हणजे नाना मुलांवर ओरडले, पण 'माझ्या अंगणात खड्डा खणला कोणी?' असं एकदाही विचारलं नाही!

तिसरा धागा प्रयोगाचा. हा मला सगळ्यांत आवडतो. किनाऱ्यावरून सुरुंग पेरणारी जहाजं दिसली असती का, यावर दोन्ही बाजूंचे वकील कितीही बोलू शकले असते. न्यायालय म्हणालं, जाऊन बघा! नॉर्वे, स्वीडन आणि नेदरलंड या तीन देशांचे आरमारी अधिकारी जानेवारी १९४९ मध्ये सारांदाला गेले. या भांडणात त्या तिघांचंही काही अडकलेलं नव्हतं. ते अंधार पडल्यावर किनाऱ्यावरच्या सेंट जॉर्ज मठाजवळ उभे राहिले आणि समुद्रातून एक बोट न्यायला सांगितली. बोट मुद्दाम बुटकी निवडलेली, ना धुराडं, ना केबिन, आणि पाण्यालगत इतकी खाली की दिसायला अवघड. तरीही ती ६७० मीटरवर दिसली! दिसण्याआधी इंजिनाचा आवाज आला तो वेगळाच. आणि सुरुंग पेरणारं जहाज तर किनाऱ्यापासून सुमारे ५०० मीटरवरून गेलेलं असणार.

तज्ज्ञांनी अहवाल दिला की हवा नेहमीसारखी असेल, पहारेकरी जागेवर असतील आणि हातात दुर्बीण असेल, तर हे काम त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नाही.

तिन्ही धागे एकाच गाठीला येऊन मिळाले.

निकाल

९ एप्रिल १९४९ रोजी निकाल लागला. ११ विरुद्ध ५ मतांनी न्यायालयाने ठरवलं की अल्बानियाला सुरुंगांची माहिती होती. मग जहाजांना सावध करणं हे त्याचं कर्तव्य होतं. अगदी आदल्या रात्री सुरुंग पडले असते, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इशारा द्यायला वेळ होता. त्याने काहीच केलं नाही. म्हणून अल्बानिया जबाबदार.

पाच न्यायाधीशांचं मत निराळं पडलं, हेही विसरू नका. तेच कागद, तेच साक्षीदार, तरी मतं दोन! म्हणून तिथे बहुमताबरोबर विरुद्ध मतंही कारणांसकट छापली जातात. पुढच्यांनी दोन्ही वाचावीत आणि स्वतः विचार करावा.

पण थांबा, गोष्ट अजून संपली नाही. ते २२ सुरुंग ब्रिटनने काढले कसे? अल्बानियाने नको म्हटलेलं असताना, त्याच्या पाण्यात आरमार घुसवून! ब्रिटन म्हणालं, पुरावा नाहीसा होऊ नये म्हणून घाई केली. न्यायालयाने ते ऐकून घेतलं, आणि सर्वांनी एकमताने ठरवलं की हे चूक होतं, अल्बानियाच्या सार्वभौमत्वाचा भंग होता. कारण आज 'पुरावा शोधायला आलो' म्हणून बलवान देशाला शिरू दिलं, तर उद्या कुठल्याही लहान देशाचं दार सुरक्षित राहायचं नाही. ज्याने खटला जिंकला त्यालाही न्यायालयाने कान धरून चूक सांगितली!

भरपाईचा हिशेब त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाला. तेव्हा अल्बानिया हजरच राहिला नाही. म्हणून काय ब्रिटनचं बिल डोळे मिटून मान्य करायचं? छे! न्यायालयाने पुन्हा तज्ज्ञ नेमून आकडे पडताळले. गंमत म्हणजे तज्ज्ञांनी सॉमारेझची किंमत ७,१६,७८० पौंड काढली, पण ब्रिटनने मागितले होते ७,००,०८७ पौंड. मग मागितले तेवढेच दिले. त्यात व्होलेजच्या नुकसानीचे ९३,८१२ आणि माणसांच्या भरपाईचे ५०,०४८ मिळवा. बेरीज किती? वहीत करून बघा. उत्तर ८,४३,९४७ यायला हवं.

हे पैसे मात्र कित्येक वर्षं मिळाले नाहीत. दोन्ही देशांचा समझोता व्हायला १९९२ साल उजाडलं आणि व्यवहार पुरा झाला १९९६ मध्ये. व्होलेजवरचा वीस वर्षांचा खलाशी तोपर्यंत सत्तर वर्षांचा आजोबा झाला असणार. न्यायालय सत्य ठरवू शकतं, पण ते अमलात आणायला देशांची तयारी लागते. ही त्याची दुखरी बाजू आहे, ती लपवण्यात अर्थ नाही.

आरोप जड, तर पुरावा जड

हेगमध्येच २००२ पासून आणखी एक न्यायालय आहे, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. तिथे देशांवर नव्हे, तर युद्धगुन्ह्यांसारख्या भयंकर गुन्ह्यांसाठी माणसांवर खटले चालतात. तिथे पुराव्याच्या तीन पायऱ्याच ठरवून दिल्या आहेत. अटकेचा हुकूम काढायला 'असं मानायला वाजवी कारण आहे' एवढं पुरतं. खटला उभा करायला त्याहून भक्कम कारण लागतं. आणि दोषी ठरवायला वाजवी शंकेपलीकडची खात्री हवी. म्हणून बातम्यांत 'वॉरंट निघालं' असं ऐकलंत, तर 'गुन्हा सिद्ध झाला' असं समजू नका. ती पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

आता तुमच्या वर्गाकडे या. कुणाची तरी कंपासपेटी हरवते. लगेच कुजबुज सुरू होते, "त्यानेच घेतली असणार, मला अमकीने सांगितलं." घरी मोबाइलवर निरोप येतो, "सगळीकडे पाठवा, शंभर टक्के खरं आहे." अशा वेळी सोळा न्यायाधीशांची आठवण काढा. हे पाहिलं कोणी? की नुसतं ऐकलं? दुसरं काही कारण असू शकेल का? जाऊन बघता येईल का? आणि एवढं करूनही उत्तर मिळालं नाही, तर 'मला माहीत नाही' म्हणायला लाजू नका. जगातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयानेही ते लिहून ठेवलं आहे.

आईबाबा, तुमच्यासाठीही एक विनंती. घरात काही फुटलं-हरवलं की 'कोणी केलं?' हे विचारण्याआधी 'काय काय दिसतंय?' हे विचारून बघा. मुलं चटकन घाबरायची थांबतील, आणि खरंही लवकर सांगतील.

आणि हो, नानांचा निकाल राहिलाच की! तीन धागे तपासा आणि तुमचा निकाल कारणांसह आम्हाला लिहून पाठवा. तुमचं मत दादाच्या किंवा ताईच्या मतापेक्षा वेगळं असलं, तर दोन्ही पाठवा.